घंगाळावरचं नाव

दुपारची भाकरी खाऊन मी घंगाळाला टेकतो. डोळे मिटतात, तरी हातातली छिन्नी सुटत नाही.

घंगाळ कारभारी नरहररावाचं. चार दिवसांनी आमचं संस्थान हिंदुस्थानात विलीन होणार. त्या दरबारात तो हे राजेसाहेबांना देणार. त्यावर त्याचं नाव घालायचंय. 'अर्पण' एवढं ठोकून झालंय.

"उठा. चावडीत याद्या लिहितायत."

येसू उभी आहे. माझी बायको. तिला जाऊन तीन महिने झाले.

मी उठतो तर दुकानाचीच चावडी झालेली. भट्टीच्या जागी टेबल, टेबलाशी कारभारी. राज्य सोडण्याआधी राजेसाहेबांनी घटना दिली आहे. रयतेची सभा होणार, बायकांनाही मत. येसू रांगेत पहिली. खरोखरच्या याद्या झाल्या तेव्हाही पहिलीच होती.

"नवऱ्याचं नाव?" कारभारी विचारतो.

येसू पदर चावते. नाव कसं घेणार? उखाणा सुरू करते, "तांब्याच्या घागरीला..."

"उखाणा नको, बाई. हे काय हळदीकुंकू आहे?"

चावडी हसते. तो तिच्या नावावर रेघ मारतो. हे असंच झालं होतं. मी मागे उभा होतो. मीही हसलो होतो. मग ती तापानं पडली आणि शेवटपर्यंत एकच म्हणत राहिली, "माझं नाव खोडलं हो."

आता टेबलाशी येसू बसली आहे आणि कारभारी रांगेत.

"याचं काय करू?" मी विचारतो. "हात तोडू?"

"हात कशाला? दरबारात मिरवायला नाव हवंय ना त्याला? तेच घालू नका."

"मग कुणाचं घालू?"

"माझं घाल, दौलत."

मी दचकतो. बावीस वर्षांत तिनं एकदाही माझं नाव घेतलं नव्हतं.

"मेल्यावर कसली लाज?" ती म्हणते. "आणि तू हसलास, ते मी विसरले नाही. आधी ठोक. मग रड."

मी ठोकतो. टिंबाला टिंब.

"झालं का रे, दौलत?"

दारात कारभाऱ्याचा शिपाई. मी जागा होतो. मनगट ठणकतंय. 'अर्पण'च्या खाली बोट फिरवतो. टिंबं ताजी आहेत, कडा बोचतात: येसू दौलत तांबट.

कागदावर रेघ मारता येते. तांब्यावरचं ठोकून सपाट केलं तरी बोटाला लागतं.

"झालं," मी म्हणतो. घंगाळ फडक्यात बांधतो, गाठ आवळतो. "दरबारातच सोडा म्हणावं. हाताचे डाग पडतात."