पुढचे चार दात

माझे वरचे चार दात इतके पुढे होते की ओठ मिटणं म्हणजे कसरतच. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. फोटो काढायची वेळ आली की आत्या कॅमेऱ्यामागे उभी राहून ओरडायची, "तोंड मीट गो!" ही माझ्या वडिलांची विधवा बहीण. आमच्याच घरात राहायची, मला तिनेच वाढवलं. तिच्याच हुकमाने माझा मिटल्या तोंडाचा फोटो मुंबईला एका स्थळाकडे गेला होता, आणि मे महिन्यात चाकरमानी गावी आले की ती मंडळी मला बघायला येणार होती.

त्याआधी आम्ही रत्नागिरीत नव्यानेच आलेल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. तार लावून दात मागे ओढता येतात, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. मी हरखूनच गेले. पण माझी उजवीकडची मागची दाढ लहानपणीच किडून काढलेली. डॉक्टर म्हणाले, "होडी वर ओढायची तर किनाऱ्यावर खुंटा पक्का हवा. तुझा या बाजूचा खुंटाच गेलाय. परदेशात म्हणे अशा वेळी जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवून त्याला तार बांधायचे प्रयोग चाललेत. आपल्याकडे ते नाही. उरलेल्या दातांवर भागवू, पण वेळ लागेल, दोन-तीन वर्षं."

"हाडात स्क्रू?" आत्या ताडकन उठली. "पोर आहे की दरवाजा?" पुढचं काही न ऐकता तिने मला हाताला धरून बाहेर काढलं. हाडात स्क्रू म्हटल्यावर मीही खुर्चीतून अर्धी उतरलेच होते, खोटं कशाला बोलू.

पुढच्या आठवड्यात "दुसऱ्याला दाखवू" म्हणून तिने मला मांडवीच्या वाटेवरच्या एका दवाखान्यात नेलं. मला वाटलं, तारेचंच असणार. सुई टोचली, ओठ बधिर झाला. मग तिथल्या डॉक्टरने चिमटा हातात घेतला आणि माझ्या डोक्यावरून आत्याला विचारलं, "चारही काढायचे ना? कवळी मे महिन्याच्या आत देतो."

एक दात किडका नाही, एक हलत नाही, आणि चारही काढायचे? मी त्याचा हात झटकला आणि गळ्यातल्या टॉवेलसकट रस्त्यावर धूम ठोकली.

आत्या धापा टाकत मागून आली. मी भर रस्त्यात बधिर ओठाने बोंबलत होते. तोंडातून शब्द कमी, लाळच जास्त गळत होती. "मला विचारलंस तरी? लाज नाही वाटली? तुझे असते तर काढू दिले असतेस?"

इकडेतिकडे बघून तिने पदर तोंडाशी नेला आणि आतून कवळी काढून तळहातावर ठेवली.

अगं आई गं! आमच्या घरात सगळ्यांचे दात पुढे, एकट्या आत्याचे तेवढे सरळ, म्हणून मी जन्मभर तिच्यावर जळत आले होते. मी रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर मटकन बसले. समोर माझी आत्या, आणि वरचा ओठ आत गेलेली कुणी भलतीच म्हातारी.

"मला बघायला यायचे होते तेव्हा काढले," ती बोबड्या आवाजात म्हणाली. "सुई न देता. तुला सुई देणार ना, एवढं मी आधी विचारून घेतलं होतं गो."