सहा-तीनचा फेटा

आमच्या गावानं जन्मात एकच फुटबॉलचा सामना पाहिला, आणि तो पाहायला बसण्याची जागा नेमकी चुकीची निवडली. त्या सामन्यात आम्ही नऊ-शून्य हरलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी आम्ही जिंकू अशी खोटी आशा वाचणाऱ्यानं धरायला नको. गोलात मी उभा होतो. नऊच्या नऊ माझ्याच पदरात.

निजामाच्या राज्यातली शेवटची काही वर्षं होती ती. मी उस्मानाबादेला हायस्कुलात शिकत होतो आणि बोर्डिंगात राहत होतो. घरात कानडी-मराठी आणि शाळेत उर्दू, त्यामुळं पहिलं वर्ष तर मी जवळजवळ मुकाच होतो. फुटबॉलला भाषा लागत नाही, म्हणून मी त्याला चिकटलो. पुढं उर्दू आली, पण फुटबॉल सुटला नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, त्यांना हे कुणीतरी सांगितलं. वारं भरलेल्या कातड्यामागं पळायला एवढ्या लांब कशाला जायला पाहिजे, असं ते घरी म्हणाले. कपाळाला विभूती लावून दिवसभर रानात राबणारा माणूस तो, त्यांना हे दुसरं कसं वाटणार? मॅट्रिकला माझी दोन वर्षं उरली होती. पोराला घरी आणून कामाला लावायचं, हे त्यांनी मनाशी जवळजवळ ठरवलंच होतं.

त्यात अव्वल तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, साहेबांचा मुक्काम नळदुर्गात पडला. साहेब तरुणपणी खेळलेले. त्यांनी गुलबर्ग्याकडच्या एका कॉलेजची टीम बोलावली आणि समोर आमच्या शाळेची टीम उभी करायला सांगितली. नळदुर्ग आमच्या गावापासून तीन कोस. अप्पांचा निरोप आला, की येताना अंथरुणाची वळकटी घेऊन ये. मी येऊन डोळ्यांनी बघतो तू तिथं काय करतोस, मग वळकटी मोटारीनं परत जायची का गाडीनं घरी यायची ते ठरवू. निरोप वाचून मला दोन घास गोड लागले नाहीत. मला शिकायचं होतं, आणि ते शिकणं आता माझ्या अभ्यासावर नव्हे, तर माझ्या दोन हातांवर येऊन ठेपलं होतं.

हुरड्याचे दिवस होते. बैलांचा बाजार भरायचा त्या मैदानात चुन्याच्या रेघा मारलेल्या, दोन्ही टोकांना दोन-दोन बांबू रोवून वर सुंभ ताणलेलं. जाळी वगैरे काही नाही. साहेबांसाठी मधोमध खुर्च्या. मैदानात उतरायच्या आधीच मी माझी वळकटी अप्पांच्या गाडीत नेऊन टाकली. आमचं गाव पाच बैलगाड्या जुंपून आलं होतं, बरोबर हलगीवालासुद्धा. अप्पांच्या मांडीवर जरीकाठी फेट्याची घडी होती. कुस्त्यांच्या फडात जिंकणाऱ्याला फेटा बांधतात, तसा इथंही बांधायचा असेल, असा त्यांचा अंदाज.

कुठं बसायचं असं आमच्या पाटलांनी ड्रिल मास्तरांना विचारलं. किल्ल्याकडचे बांबू आपले, हे इकडचे त्यांचे, बॉल या इकडच्या बांबूतून गेला की आपली सरशी, असं मास्तरांनी समजावलं. पाटलांनी मान हलवली. एकदा बांध ठरला म्हणजे ठरला, तो कुणी जेवणाच्या सुट्टीत हलवत नाही. सगळं गाव त्या इकडच्या बांबूंच्या मागं दाटीवाटीनं बसलं.

पहिल्या अर्ध्या खेळात मी किल्ल्याकडच्या टोकाला होतो. कॉलेजची पोरं दाढीमिशीवाली, पायांत बूट. आम्ही अनवाणी. तीन गोल झाले. लांबवर माझं गाव मला पागोट्यांच्या रांगेएवढं दिसत होतं, आणि ती रांग अगदी गप्प होती. घरी जायची तयारी ठेवावी, असं मी मनात म्हणालो.

मधली सुट्टी झाली. गावानं फडकी सोडली, भाकरी आणि शेंगाचटणी काढली. तेवढ्यात नियमाप्रमाणं दोन्ही टीमनी बाजू बदलल्या. आता मी गावाच्या पुढ्यात आलो. अप्पा घास हातात धरून उभे राहिले. आपलं पोरगं गावाला जवळून दिसावं म्हणून मास्तरांनी मुद्दाम इकडं पाठवलं, असं त्यांना वाटलं. बाजू बदलतात हे त्यांना सांगायला हवं, हे कुणाच्याच ध्यानीमनी आलं नाही.

चौथा गोल झाला आणि माझ्या पाठीमागं हलगी कडाडली.

मला वाटलं, माझी टिंगल चाललीय. पाचव्याला पागोटी उडाली, शिट्ट्या झाल्या. आमचा कॅप्टन, नळदुर्गातल्याच एका मुसलमान घरातला, मधून तणतणत धावत आला आणि तुझ्या गावाला काय वेड लागलंय का म्हणून मला विचारून गेला. मी रागानं मागं वळलो. अप्पांचे डोळे भरून आले होते आणि बॉल त्यांच्या हातात होता. उपरण्यानं त्यांनी तो पुसला, धूळ राहू दिली नाही, आणि देवाचा नारळ द्यावा तसा दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. "घे तम्मा," एवढंच म्हणाले. लहानपणी ते मला लाडानं कानडीत तम्मा म्हणायचे. शाळेत गेल्यापासून म्हटलं नव्हतं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. धुळीनं सगळ्यांचे सदरे एकाच रंगाचे झालेले. गावाच्या हिशोबानं हे बांबू अजून कॉलेजवाल्यांचेच होते आणि मी आमच्या पोरांनी मारलेले बॉल आत घ्यायला उभा होतो. मी आडवा झेपावलो की त्यांना वाटायचं, मी बॉलला वाट करून देतोय.

सहावा, सातवा, आठवा, नववा. प्रत्येक वेळी हलगी, आणि प्रत्येक वेळी पुसलेला बॉल हातात. हसावं का रडावं कळेना. आणि शेवटी शेवटी माझ्या हातून एक गोष्ट घडली. कॉलेजच्या सगळ्यात दांडग्या खेळाडूनं जवळून सणसणीत मारलेला बॉल मी हवेतच पोटाशी धरला आणि तसाच खाली आलो. तसा बॉल मी पुन्हा कधी धरला नाही. खुर्चीतून उठून तालुकदार साहेबांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मागं मात्र गावानं एकदम सुस्कारा टाकला. चुकलं, चुकलं, असं कुणीतरी हळहळलं. अप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "असू दे तम्मा. एखादं ऱ्हातंच. पुढचं जाईल आत."

सामना संपला. गावाच्या डोळ्यांदेखत पलीकडं तीन आणि इकडं सहा गेले होते. सहा-तीन. आम्ही जिंकलो होतो. पाटलांनी माझ्यापुढं नारळ फोडला आणि अप्पांनी आपल्या हातांनी मला फेटा बांधला. माझी टीम कोपऱ्यात उभी राहून हे बघत होती. चिडलेली पोरं आधी हसू दाबत होती, मग हसायचंही विसरली. कॅप्टन माझ्या कानाशी आला. "नक्को बोल," तो म्हणाला. "खुश हैं बिचारे."

मोटार सुटायची वेळ झाली. अप्पांनी माझं सोललेलं कोपर पाहिलं, त्यावर फुंकर घातली. मी तुला रिकामटेकडा समजत होतो, असं म्हणाले. मग गाडीतून त्यांनी स्वतः माझी वळकटी उतरवली आणि माझ्या खांद्यावर ठेवली. मोटारीत टाक, अजून दोन वर्षं शीक.

मला हवं ते माझ्या खांद्यावर आलं होतं. गप्प बसलो असतो तर भागलं असतं. पण येत्या बाजाराच्या दिवशी नळदुर्गात कुणीतरी त्यांना खरं सांगणार, चार माणसांत हसून सांगणार, आणि अप्पा त्या हसण्याच्या मधोमध उभे असणार, हे मला दिसायला लागलं. ते मला सोसलं नसतं.

"अप्पा, आपण हरलो," मी म्हणालो. "नऊ-शून्य. मधी बाजू बदलत्यात. ते सहा माझ्यावर झाले."

अप्पा गाडीच्या धुऱ्यावर बसले.

"म्हंजी तू आडवत हुतास?"

"व्हय."

"आन् आमी मागनं वरडत हुतो."

मी खांद्यावरची वळकटी खाली ठेवली.

"एकदा मागं वळून सांगायचं न्हाई का?"

"तुम्ही लई खूश होता," मी म्हणालो.

त्यांनी तोंड फिरवलं. मी फेटा सोडायला हात वर नेला, तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. बांबूच्या मागनं खेळ कुठं दिसतोय? आमाला निस्ता तूच दिसत हुतास. सहा बार पडलास, सहा बार उटलास. फेटा त्याला बांदलाय."

मग वळकटीचं काय, असं मी भीत भीत विचारलं. मोटारीत टाक म्हटलं ना, असं ते जवळजवळ खेकसले, आणि उपरण्यानं नाक पुसत पाटलांकडं गेले.

त्यांनी पाटलांना सांगितलं, पाटलांनी गाड्यांना सांगितलं. पाचही गाड्या चिडीचूप झाल्या. इतकी माणसं एका वेळी ओशाळलेली मी पुन्हा पाहिली नाहीत. मी मोटारीत चढलो. ड्रायव्हरनं हॅन्डल मारलं आणि मोटार धडधडायला लागली, तेव्हा पाटील काठी टेकत मोटारीशी आले.

"थांब जरा. मग ते एक पोटाशी धरलंस, आमी चुकलं म्हणलो ते?"

मी उत्तर द्यायच्या आत मागून अप्पाच बोलले. "त्येच खरं हुतं."

पाटलांनी काठी वर केली. हलगी कडाडली आणि त्या एका बॉलसाठी, तो धरून इतका वेळ झाल्यावर, सगळं गाव गाड्यांवर उभं राहून ओरडलं. पागोटी उडाली. मोटारीत माझी हरलेली टीमसुद्धा ओरडायला लागली. मोटार वळणाला लागली तरी हलगी ऐकू येत होती आणि मी फेट्याच्या शेमल्यात तोंड खुपसून रडत होतो.

माझी वळकटी कॅप्टननं उस्मानाबादेपर्यंत आपल्या मांडीवर धरली.