खिडकीकाकांचं बोट

दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीत त्यांचं उभं आयुष्य गेलं, म्हणून सगळे त्यांना खिडकीकाका म्हणत. त्यांच्याहून मोठी असलेली शिवणवाली आजीसुद्धा.

मोबाइलवरून नंबर लावायची सोय आली, तेव्हा साहेबांनी काकांना बोलावलं. "काही महिने दोन्ही चालू ठेवू. लोकांनी मोबाइल स्वीकारला तर खिडकी बंद, नाही तर राहील. लोकच ठरवतील."

काकांना ते पटलं. लोक खिडकी सोडणार नाहीत, याची त्यांना खात्री होती.

पण मोबाइलवाल्यांना डॉक्टर आधी बोलावू लागले. मग लोक खिडकीतून फोनच आत सरकवू लागले. "काका, तेवढं दाबून द्या."

आजी दर आठवड्याला पायाची जखम बांधून घ्यायला यायची. "माझा फोन तुमचंच बोट ओळखतो. मी दाबलं की रुसतो मेला."

"आजी, एवढं मोठं शिवणयंत्र पायानं पळवता आणि याला घाबरता?"

"ते यंत्र मला विचारत नाही हो, तू माणूस आहेस का म्हणून!"

रांग खो खो हसली. काका हसत हसत दाबत राहिले. शेवटी प्रश्न यायचा, 'सेवा कशी वाटली?' उगाच कुणाला नावं कशाला ठेवायची, म्हणून प्रत्येकाच्या फोनवर ते भिडेखातर पाच तारे द्यायचे. रांग तर खिडकीपुढेच आहे, ती काय कुणाला दिसत नाही?

वर ती दिसत नव्हती. वर फक्त फोनवरचे नंबर आणि तारे मोजले जात होते.

एके सकाळी साहेबांनी पाठ थोपटली. "काका, लोकांनी सोय अगदी उचलून धरली! सगळे खूश. खिडकी आता बंद करू."

काका म्हणाले, "साहेब, ते नंबर मी लावलेत. तारेसुद्धा माझेच."

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी उठून दार लोटलं. "हे बाहेर बोलू नका. अहवाल गेलाय. आता लोकांनी स्वीकारलंय."

खिडकीवर फळी ठोकली. काकांना मागच्या कोठारात चादरी मोजायला बसवलं. घरी ते घास चिवडत बसायचे. बायको म्हणाली, "काम तर आहे ना? मग तोंड का पाडता?"

पुढे एकदा चादरींचा गठ्ठा नेताना त्यांना फळीसमोर आजी दिसली. पायाला घरचंच फडकं गुंडाळलेलं. बोटं काळी पडली होती.

"आजी, इतके दिवस कुठं होतात?"

"घरीच. रोज दाबत होते की. तो म्हणतो, नंतर प्रयत्न करा. म्हटलं, सांगतोय तर करू." तिनं सवयीनं फोन पुढे केला. "आलात ते बरं झालं. दाबा."

काकांनी गठ्ठा खाली टाकला. तिला हाताला धरून ते थेट डॉक्टरांच्या दारात गेले. दारावरची नर्स वाकून पाय बघू लागली. आत घेताना हलकेच म्हणाली, "आठवडाभर आधी आणायला हवं होतं. आता पाय वाचेलसं वाटत नाही."

फोन काकांच्या हातातच राहिला. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी तो उघडला. पडद्यावर 'नंतर प्रयत्न करा'च्या खाली तोच प्रश्न होता, 'सेवा कशी वाटली?' काकांनी एकच तारा दाबला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला नावं ठेवली होती.

फोननं तितक्याच गोडीनं आभार मानले.