कॅरिअरवर बांधलेला नकार

माझ्या बाबांनी मला आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नाही. त्यांच्याविरुद्धची माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

त्यांना नाही म्हणताच येत नाही. तीस वर्षं त्यांनी पत्रकं लिहिली, छापून आणली आणि वाटली. सेलूच्या बाजारात, मानवतच्या स्टँडवर, पालमच्या चहाच्या हॉटेलांत. मजुरी, पाणी, रेशन आणि दर दोन पत्रकांआड एक बाईच्या हक्कांवर. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं दोन-चार होती आणि पत्रकांचे गठ्ठे छताला टेकलेले. ‘मुलीला उंबऱ्यात अडवणारा समाज स्वतःच अडून बसतो’ हे वाक्य मला पहिलीत पाठ होतं. तेव्हा उंबऱ्याबाहेर मला फक्त शेजारची शेळी माहीत होती.

अशा माणसाला मी सव्विसाव्या वर्षी सांगितलं की मी जुनी मोटरसायकल घेतली आहे, एक दोन माणसांचा तंबू मागवला आहे आणि येत्या शनिवारी मैत्रिणीबरोबर येलदरीच्या धरणाकाठी एक रात्र मुक्कामाला जाणार आहे. दोघीच. बाबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, जा की, जायलाच पाहिजे. आणि आत जाऊन यादी लिहायला बसले.

ती यादी मी जपून ठेवली आहे. वर ठळक अक्षरात मथळा: ‘रात्रमुक्कामासाठी आवश्यक साहित्य’. खाली मागण्यांना देतात तसे आकडे. वीस लिटरचा पाण्याचा कॅन. दोन वाकळा, कारण स्लीपिंग बॅगवर त्यांचा विश्वास नव्हता. सतरंजी. मच्छरदाणी. दोन बॅटऱ्या आणि एक कंदील. काठी. सापासाठी फिनेल, विंचवासाठी दुसरं काहीतरी, पंक्चरसाठी पंप. तिखटाची पुडी, आणि ती स्वयंपाकासाठी नव्हती. शेवटी ओळ: ‘वरील साहित्याशिवाय मुक्काम करू नये.’ खाली सही तेवढी राहिली होती.

मला वाटलं, काळजी आहे. बापाची काळजी कोणाला नको असते? मी मुकाट्यानं सगळं गाडीपाशी आणून ठेवलं. बांधायचं काम बाबांनी घेतलं. त्यांना एकाच प्रकारचं बांधणं येतं, गठ्ठ्याचं. गुडघा रोवायचा, सुतळीची फुली पाडायची, श्वास रोखून ओढायची आणि अशी गाठ मारायची की एसटीच्या टपावरून गठ्ठा खाली फेकला तरी एक कागद हलू नये. कागदाला ते चालतं. तंबूच्या अॅल्युमिनिअमच्या काड्यांना चालत नाही. त्यातल्या दोन तिथंच वाकल्या.

सगळा बोजा कॅरिअरवर, मागच्या चाकाच्याही मागं गेला होता. त्यामुळं पुढचं चाक हलकं झालं आणि हँडल हातात भुतासारखं डोलायला लागलं. जिंतूर रस्त्याच्या नाक्यावर मैत्रीण तिच्या गाडीवर थांबली होती, मागं एक सॅक, बस्स. तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच सामान उजवीकडं कललं, स्लीपिंग बॅग सायलेन्सरला चिकटली आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. गाठ सुटेना. रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्यानं कांदा चिरायची सुरी दिली. सुतळी कापल्यावर बांधायला काही उरलं नाही. गाडी हॉटेलपाशीच ठेवून, एका ऑटोत सामान भरून मी घरी परतले. बाबा दारातच उभे होते, जणू मी येणारच होते. अरेरे म्हणाले. पाणी दिलं. पुन्हा कधीतरी जा, म्हणाले.

मैत्रिणीच्या घरची तऱ्हा वेगळी. ती मानवतची. तिची आई साफ नाही म्हणते. बाप नाही म्हणतो, काका फोनवरून नाही म्हणतो. आठवडाभर भांडण चालतं, ताटं आपटली जातात. मग शनिवारी ती सॅक उचलते आणि निघते. मला तिची दया यायची. माझ्या घरात मोकळीक आणि तिच्या घरात तुरुंग, असं मी मानत होते. पण तुरुंगातली नाक्यावर वेळेवर पोचत होती आणि मोकळी मी ऑटोतून घरी येत होते. हे गणित माझ्या डोक्यात शिरायला आणखी एक फेरी लागली.

दुसऱ्या वेळी आम्ही पोचलो. कशा पोचलो ते सांगत नाही. पाण्याकाठी मैत्रिणीच्या मामाचं शेत आहे, त्याच्या बांधाला लागून सपाट जागा. सूर्य बुडायला आला होता. तंबू हवा तर तंबू गठ्ठ्याच्या तळाशी. बाबांच्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सगळ्यात सुरक्षित जागी, म्हणजे सगळ्यात खाली. वाकळा काढा, कॅन काढा, कंदील काढा. एकेका गाठीला आम्ही दातानं भिडलो. तंबू हाती आला तेव्हा एकमेकींची तोंडं दिसत नव्हती. मामांनी शेतातल्या खोलीचं, म्हणजे आमच्याकडं ज्याला आखाडा म्हणतात त्याचं, दार उघडलं आणि आम्ही खताच्या पोत्यांशेजारी झोपलो. बाबांचा फोन आला. आखाड्यात आहोत म्हटल्यावर ते म्हणाले, “म्हणजे छपराखाली आहात. उत्तम.”

त्या ‘उत्तम’मध्ये इतका आनंद होता की माझी झोप उडाली.

घरी आल्यावर मी सरळ विचारलं, बाबा, मी जाऊ नये असं तुम्हाला वाटतं का? त्यांना अपमान वाटला. मुलगी कोणाची आहेस, हा प्रश्न सुचतो कसा तुला, असं म्हणून त्यांनी अर्धा तास स्वातंत्र्यावर भाषण केलं. भाषण चांगलं होतं. त्यातली निम्मी वाक्यं मीच त्यांना त्यांच्या पत्रकांसाठी शोधून दिली होती. संपल्यावर म्हणाले, पुढच्या वेळी जरा भक्कम तयारी करू.

मला कोणाशी भांडायचं ते कळेना. ज्याच्याशी भांडायचं तो माझ्याच बाजूनं बोलत होता. समोर भिंत असेल तर डोकं आपटता येतं. इथं वाकळ होती.

तिसरी खेप जानेवारीतल्या एका शनिवारची. मी शुक्रवारीच माझं सामान एका सॅकमध्ये भरलं, वर काड्या सरळ करून घेतलेल्या तंबूची गुंडाळी ठेवली आणि शाळेत गेले. मी एका खाजगी शाळेत शिकवते, शनिवारी दुपारी सुटते. घरी येऊन बघते तर सॅक ओट्यावर उलटी केलेली आणि बाबा सायलेन्सरवर पाय देऊन सुतळी ओढत उभे. गाडीवर यादीतलं सगळं होतंच, शिवाय एक फोल्डिंगची खाट. लोखंडी. शेजाऱ्यांकडून मागून आणलेली. तिचे पाय दोन्ही बाजूंना असे बाहेर आले होते की समोरून बैलगाडी आली असती तर तिला बांधाखाली उतरावं लागलं असतं.

मी विचारलं, तंबूत खाट? ते म्हणाले, जमिनीवर गारवा असतो. मग जरा घुटमळत म्हणाले, की खाट गाडीवर जमत नसेल तर ते ती घेऊन एसटीनं जिंतूरला येतील, तिथून कुणाचा तरी टेम्पो बघतील. नुसती पोचवायला. लगेच परत.

फोन वाजत होता. मैत्रीण नाक्यावर थांबली होती.

आई ओट्यावर हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती. इथं आईबद्दल सांगायला हवं, कारण दोन्ही वेळा मी तिला विचारलंही नव्हतं. लग्नाआधीची आठ वर्षं ती तिच्या आईबापाबरोबर ऊसतोडीला जात होती. दसरा झाला की घर ट्रकमध्ये, उन्हाळ्यात परत. बाबा पत्रकं वाटत तिच्या फडावर पोचले आणि पुढं त्यांचं लग्न झालं. ऊसतोडीवरचं बाबांचं पत्रक मला तोंडपाठ आहे. आईला मात्र मी त्या आठ वर्षांबद्दल एक प्रश्न विचारलेला नाही. मला वाटायचं, पत्रकात सगळं आलंय.

ती उठली. पदर खोचला, विळा आणला आणि बाबांच्या हातातली ताणलेली सुतळी कापली. खाट धडकन खाली आली. मग तिनं एकेक वस्तू उतरवून ओट्यावर ओळीनं मांडली.

“उतरल्यावर पयलं काय लागतंय?” तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, तंबू.

“मग त्यो वर. आमी गेलो की आधी कोपी उभी करायचो. अंधाराच्या आत कोपी न्हाई झाली तर लेकरं रात्रभर उघड्यावर. भांडी मधी. जड ते खाली, बुडाला चिकटून, मागं न्हाई.” कोपी म्हणजे तोडीवाल्यांचं ताडपत्रीचं खोपट.

तिनं कॅन ओतून टाकला, पाणी तिथं मिळंल म्हणाली, आणि दोन बाटल्या भरून दिल्या. वाकळ एकच ठेवली, सीटवर अंथरली. स्टोव्ह आणि डबा दोन पिशव्यांत वाटून सीटच्या दोन्ही बाजूंना लटकवला, हातानं तोलून बघितला, एका बाजूचे कांदे दुसऱ्या बाजूला टाकले. पंक्चरवाल्याकडच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या तिनं कुठून काढल्या देव जाणे. त्या ताणून अशा अडकवल्या की एका बोटानं निघाव्यात आणि खड्ड्यात हलू नयेत. दहा मिनिटं लागली नाहीत. मी बघत राहिले आणि मला स्वतःचाच संताप आला. ऊसतोड कामगारांच्या सगळ्या मागण्या मला माहीत होत्या. त्यांना काय येतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मी म्हटलं, “तू आठ वर्षं नाइलाजानं तसं झोपलीस, आणि मी हौसेनं चाललेय. तुला राग नाही येत?”

“येतो की,” ती म्हणाली. “पर मला राग आला म्हणून मी तुला अडवू का?”

मग ती बाबांकडं वळली. आवाज चढवला नाही.

“तुमाला न्हाई म्हणायचं हाय तर न्हाई म्हणा. पोरीच्या गाडीवर कशाला लादायलाव?”

बाबा कापलेल्या सुतळीचा तुकडा बोटाभोवती गुंडाळत राहिले. मला वाटलं, आता भाषण. भाषण आलं नाही. ते खाटेच्या कडेवर बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “नको जाऊ.”

मला हे दोन शब्द ऐकायला सव्वीस वर्षं लागली होती. मी कारण विचारलं. त्यांनी शोधलं, मला ते शोधताना दिसत होते. कारण नाही, म्हणाले. रात्री बाहेर दोन मुली, एवढंच सारखं डोळ्यांपुढं येतं. “हे चूक आहे, मला माहीत आहे. तरी नको जाऊ.”

“चूक आहे हे माहीत असून सांगताय.”

“हो.”

मग आम्ही भांडलो. पहिल्यांदा. मी त्यांना त्यांचीच वाक्यं ऐकवली. ते म्हणाले, ती सगळी खरी आहेत, पण लिहिताना तू सात वर्षांची होतीस. मी म्हटलं, मग खाली टीप टाकायची होती, अमुक वर्षांपर्यंतच्या मुलींसाठी. आई मध्येच म्हणाली की तुमी स्वतः महिना महिना गावोगाव झोपायचाव तवा माझ्या डोळ्यापुढं काय यायचं ते इचारलंव का कधी. कुंपणापलीकडून शेजारीण बघत होती. बघू दे, म्हटलं. शेवटी मी सांगितलं की मी चालले, पोचल्यावर एक फोन करीन, सकाळी एक करीन, मध्ये करणार नाही आणि तुम्ही येणार नाही. ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. मी किक मारली.

हँडल जड होतं, जसं असायला हवं तसं. उजेड असतानाच तंबू उभा राहिला.

रात्री त्यांचे तीन फोन आले. मी एकही उचलला नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं, हेही लिहिते. तिसऱ्यानंतर आईचा संदेश आला, बहुतेक शेजारणीकडून लिहून घेतलेला: फोन मी काढून घेतला आहे, झोप.

त्यानंतर मी सात-आठदा गेले आहे. बाबा दर वेळी नको जाऊ म्हणतात. कारण विचारलं की नाही म्हणतात. आवाज चढतो, जेवण गार होतं, एकदा तर त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मीही टाकलं. मैत्रीण म्हणते, आता तुझंही घर आमच्यासारखं झालं. झालंय खरं. मला त्यांचा राग येतो, शनिवार जवळ आला की मनात भांडणाची तयारी आधीच सुरू होते. पण ते ओट्यावर बसून नको म्हणतात, गाडीला हात लावत नाहीत, आणि मी चारच्या आत नाक्यावर असते.