आठवी जोडी

बॉक्सिंग हॉलच्या वरच्या खोलीत बसून कोणाला कोणाशी लढवायचं हे जी बाई ठरवायची, तिला सगळे जोडीताई म्हणत. तिने जन्मात कोणाला चापटसुद्धा मारली नव्हती. पण भलेभले दांडगे गडी तिच्या दारावर टकटक करण्याआधी घसा खाकरून घ्यायचे, कारण खाली रिंगमध्ये कोणाचं नाक फुटणार हे बरंचसं वर तिच्या टेबलावरच ठरायचं.

हे काम ती शिकली ग्लोव्हज शिवता शिवता. तरुणपणी ती याच हॉलमध्ये फाटके ग्लोव्हज दुरुस्त करायची. कातडं कुठे झिजलंय ते बघून मालक कसा लढतो हे तिला न बघता सांगता यायचं. ज्याचा ठोसा नीट बसतो त्याचा ग्लोव्ह मुठीच्या गाठींवर झिजतो. जो नुसतीच थापाथापी करतो त्याचा आतल्या बाजूने. लोक आधी हसले, मग विचारायला लागले, आणि शेवटी तिला वरची खोली आणि एक पत्र्याचं कपाट मिळालं.

कपाटात प्रत्येक बॉक्सरचं एकेक कार्ड होतं. त्यावर नुसती हार-जीत लिहिणं म्हणजे तिच्या लेखी अडाणीपणा. ती लिहायची की हा हरला तो कोणाशी, आणि तोंडावर एक सणसणीत बसल्यावर पुढच्या क्षणी हा काय करतो. नवख्याला एका वेळी एकच नवी अडचण द्यायची, हा तिचा शिरस्ता. आधी संथ गडी, मग उंच, मग डावखुरा, मग मार खाऊनही पुढेच येणारा. प्रत्येक जण आधीच्यापेक्षा बोटभरच वरचढ. फार वरचढ दिला तर पोरगं मोडतं, फार कच्चा दिला तर नुसतं फुगतं. दोन्हीकडून पोरगं फुकट जातं, असं ती म्हणायची.

हे तिला कळलं त्याची किंमत तिच्या धाकट्या भावाने मोजली होती. अकरा वर्षांपूर्वी तो मास्तरांच्या तालमीत शिकत होता. मास्तर म्हणजे गावातले सगळ्यात बडे प्रशिक्षक, मिशीला पीळ आणि आवाज असा की भिंतीचा रंग उडावा. धाकट्याची सहावी लढत होती. ठरलेला गडी सकाळी तापाने आडवा झाला. हॉल तर भरलेला. मास्तरांनी आपलं नाव राखायला चाळीस लढती खेळलेला एक माणूस समोर उभा केला. धाकटा तीनदा पडला. मास्तरांच्या हातात टॉवेल होता. तो रिंगमध्ये टाकला की लढत थांबते. त्यांनी टाकला नाही. आता धाकटा घरात भिंतीला हात लावून चालतो आणि चहा दोन हातांनी पितो, तोही अर्धाच कप भरून द्यावा लागतो. मास्तर एकदा हॉस्पिटलात येऊन गेले. "खेळ आहे ताई, नशिबाचा भाग," म्हणाले. तिने डूख धरला. आणि तिचा डूख म्हणजे काही आठवडाभराचा रुसवा नव्हे.

दोन वर्षांपूर्वी मास्तर स्वतः जिना चढून वर आले. एकुलता एक मुलगा रिंगमध्ये उतरायचा होता.

"ताई, पोरगा तयार आहे. जरा बघून दे हं त्याला."

"बघूनच देईन, मास्तर," ती म्हणाली.

आणि तिने अगदी बघून, निवडून, पारखून दिले. सात जण. कागदावर एकेक नाव असं की वाचूनच घाम फुटावा: कोणी वीस लढती जिंकलेला, कोणी तीस. पण एकाचे गुडघे गेलेले, एकाची कंबर धरलेली, एकाला स्वतःच्या सावलीचीही धास्ती बसलेली. त्यांची कार्डं तिने कुलपात ठेवली आणि मास्तरांना फक्त आकडे दाखवले. मुलगा सातही लढती जिंकला, त्यातल्या पाच तर दुसरा राउंड संपायच्या आत. मास्तरांची छाती दारात मावेना. त्या सातांत एकही डावखुरा नव्हता, एकही उलटून मारणारा नव्हता. पोराला कोणी मार खायला शिकवलंच नाही. तिने शिकू दिलं नाही.

आठवा गडी तिने दोन वर्षं हेरून ठेवला होता. वेल्डिंगच्या कारखान्यात काम करणारा, डावखुरा, अबोल. नऊ लढती, त्यांत चार हरलेला. चार हे ऐकून मास्तर खो खो हसले. "अगं, हा तर कच्चा लिंबू! माझा पोरगा याला नाश्त्याला खाईल." त्यांनी तिथेच सही ठोकली. ते चारही पराभव त्याच्यापेक्षा जड माणसांशी झाले होते, आयत्या वेळी बोलावल्यावर, आणि त्यांत तो एकदाही पडला नव्हता, हे कार्डावर होतं. कार्ड मास्तरांनी मागितलं नाही. तिने दिलं नाही. एवढी वर्षं या धंद्यात काढून माणूस अजून आकडेच वाचतो, याचं तिला मनातल्या मनात फार बरं वाटलं.

शनिवारी सकाळी वजन करायला मुलगा एकटाच आला. काट्यावर चढला आणि तसाच उभा राहिला.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना? ते सात जण... ते खरंच तेवढे भारी होते का?"

"कागदावर तर होते."

"मला कधी नीट लागलंच नाही हो. बाबांना विचारलं तर ते चिडतात. लागल्यावर काय करायचं असतं?"

दुसऱ्या कोणी हे विचारलं असतं तर तिने तिथल्या तिथे लढत रद्द केली असती. सहीचा कागद तिच्या कोपराखालीच होता. पोराचा चेहरा साधा, आईवर गेलेला. तिने कागद कोपराखालून ओढला. मग तिला दोन हातांत धरलेला अर्धा कप दिसला.

"उतर खाली," ती म्हणाली. "वजन बरोबर आहे."

तिचा हिशेब ठरलेला होता. दुसऱ्या राउंडमध्ये पोरगा पडेल, पोटचा गोळा म्हटल्यावर मास्तर टॉवेल टाकतील, आणि सगळ्या गावासमोर त्या मिशीचा पीळ उतरेल. एवढंच हवं होतं तिला. रोज ती स्वतःला हेच सांगत होती.

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला. ती वरच्या खिडकीत उभी राहिली. पहिल्या राउंडमध्ये डावखुऱ्याने काहीच घाई केली नाही. दुसऱ्यात त्याचा डावा ठोसा पोराच्या कानशिलावर बसला आणि पोरगा गुडघ्यावर आला. उठला. प्रतिस्पर्ध्याला मिठी मारून वेळ काढावा हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो वडिलांकडे बघत होता.

टॉवेल मास्तरांच्या खांद्यावर होता.

"मार! मार त्याला! दमलाय तो!" मास्तर ओरडले.

आता टाकतील, ती स्वतःशी म्हणाली. आता. पोरगा पुन्हा पडला, पुन्हा उठला, आणि हात खाली सोडून उभा राहिला. मास्तरांनी टॉवेलला हात लावला तो स्वतःचा घाम पुसायला. दुसऱ्याच्या मुलासाठी जे केलं नाही ते हा माणूस स्वतःच्या मुलासाठी करेल, असं ती धरून चालली होती. कशाच्या जोरावर धरलं, देव जाणे.

ती जिन्यावरून धावत सुटली. चपला कुठे गेल्या तिला कळलं नाही. खुर्च्या ढकलत ती रिंगपाशी पोचली आणि दोन्ही हात रिंगच्या फळीवर आपटत ओरडली, "थांबवा! त्याला दिसत नाहीये! थांबवा हो!"

रेफ्रीने पोराच्या डोळ्यांत पाहिलं आणि हात वर केले. तोवर पोरगा आपणहूनच खाली बसला होता.

कपडे बदलायच्या खोलीत त्याला बाकावर आडवा केला. डॉक्टर डोळ्यांत बॅटरी मारून बघत होते. पोरगा विचारत होता, "कितवा राउंड चाललाय?" सांगितलं की मान हलवायचा आणि पुन्हा तेच विचारायचा. अँब्युलन्स निघाली होती. मास्तर भिंतीला टेकून पुटपुटत होते, "दमला होता तो... अजून एक मिनिट..." त्यांची मिशी खाली लोंबत होती. या चेहऱ्याची तिने अकरा वर्षं वाट पाहिली होती. आता तो समोर होता, आणि तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

डॉक्टर भडकून वळले. "सात लढती जिंकलेल्या पोराला साधं तोंड झाकता येत नाही? ही जोडी लावली कोणी?"

धाकटा याच बाकावर पडला होता तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मास्तरांनी डोळे वर केले. त्यांच्या सहीचा कागद तिच्या पर्समध्ये होता.

"मी," ती म्हणाली.

डॉक्टरांचा आवाज थोडा खाली आला. "अंदाज चुकला का, ताई?"

"नाही," ती म्हणाली. "अंदाज अगदी बरोबर होता."