महिन्याचा शिपाई

वर्गात इंग्रजीचा तास चालू होता आणि दारात खांद्यावर घोंगडी, हातात काठी असा एक धनगर येऊन उभा राहिला. पोरं खुसुखुसु हसली. मी म्हटलं, हा माझ्या गावचा माणूस आहे, उठून उभे राहा. पोरं उभी राहिली. पायतण बाहेर काढून तो आत आला, फळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, बिरूमामा गेला." मंगळवारच्या बाजाराला घोंगड्या विकायला सोलापुरात आला होता, निरोप द्यायला वाट वाकडी करून शाळेत आला. मामा जेवून निजला तो उठलाच नाही, मातीही होऊन गेली होती... त्याला पाणी दिलं, वाटेला लावलं आणि उरलेला तास मी पुरा घेतला. का घेतला, ते पुढं येईल.

मामाला जाऊन आता दीड महिना होत आला. स्नेही विचारतात, मामा काय करत होते? मी सांगतो, शिपाई होता. (घरात मी त्याला एकेरीच बोलत आलो, इथंही तसंच लिहितो.) मग विचारतात, पलटणीत किती वर्षं? तिथं माझं उत्तर लांबतं. सांगोल्याच्या पलीकडं आमचं गाव; दगड, कुसळं आणि त्यावर जगणारी मेंढरं. तरणा असताना मामा पलटणीत भरती झाला, काही वर्षं नोकरी करून घरी आला, पण त्याचं नाव कमी केलं नाही, रिझर्व्हात ठेवलं. म्हणजे वर्षातले अकरा महिने मेंढरांमागं हिंडायचं, एक महिना छावणीत जाऊन कवायत करायची, बंदूक चालवायची आणि लढाई लागली की हातातलं असेल ते टाकून निघायचं. असे रिझर्व्हवाले आपल्याकडं गावोगाव होते. मागच्या, चौदा सालच्या महायुद्धात कुणी नांगर सोडून, कुणी मेंढरं सोडून बोटीत चढले. त्यांच्याविषयी कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो.

छावणीतले कायमचे शिपाई मामाला 'महिन्याचा शिपाई' म्हणत. त्याच्या तुकडीचे हवालदार शिर्के साताऱ्याकडचे होते; ते तर त्याला नावानं कधी बोलावतच नसत, नुसतं 'मेंढक्या' म्हणत. मामाला जरा मोकळं उभं राहायला मिळालं की बंदूक काठीसारखी मानेमागं आडवी टाकून दोन्ही हात तिच्यावर लोंबते सोडायची सवय होती, आणि त्यापायी त्याला मैदानाला किती फेऱ्या माराव्या लागल्या ते तोच हसून सांगायचा. घरी आला की इकडं वेगळंच. मेंढरं व्यायला लागली की ह्याला पलटण आठवती, असं गावातले धनगर तोंडावर बोलत. एकदा तो माझ्या आईला, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीला, म्हणाला होता, "आक्का, मी दोन्हीकडं अर्धाच हाय बघ." हसतच म्हणाला, पण पुढ्यातली भाकरी तशीच ठेवून उठला, असं आई सांगायची.

त्याच्या पाठीमागं कळप सांभाळायची सखूमामी. आमची मेंढरं मामाच्या हाकेशिवाय हलायची नाहीत. ती हाक घशातून खोल निघायची, लांबत जायची आणि शेवटाला एकदम वर चढून तुटायची. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मामा कवायतीला गेला आणि मेंढरं मामीला दाद देईनात. तेव्हा तिनं माळावर एकटीनं ओरडून ओरडून ती हाक गळ्यात बसवली. बाईमाणसानं असं बाप्यासारखं ओरडावं का, म्हणून शेजारणींनी नावं ठेवली. मामी म्हणाली, मेंढरास्नी त्यातलं काय कळत न्हाय.

मग लढाई लागली आणि बोलावणं आलं. मी तेव्हा लहान होतो, पण घरातलं ते वातावरण आठवतं. भावकीनं सल्ला दिला की मेंढरं घेऊन रानात उतर, धनगर एकदा हिंडायला लागला की कुठल्या साहेबाला सापडतोय? खोटं नव्हतं ते. मामा त्या वर्षी निघून गेला असता तर पावसाळ्यापर्यंत देवालासुद्धा सापडला नसता. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "आजवर महिन्याचा म्हणत्यात. लढाईच्या वक्ताला मिळाला न्हाय, आसं म्हणायला नगंत." मामीनं त्याची घोंगडी झटकून घडी घातली. मामा मुंबईहून बोटीनं बसऱ्याला गेला आणि लढाई संपेपर्यंत ती हाक आमच्या माळावर मामीच्या गळ्यातून येत राहिली.

परतला तो वाळलेला, रापलेला, डब्यात एक बिल्ला घेऊन. चावडीपुढं लोक जमले. कुणीतरी विचारलं, "तितं तरी शिपाई हुतास, का तितं बी मेंढरंच राखलीस?"

"राखली की," मामा म्हणाला. लोक हसले, तोही हसला. त्यापलीकडं बसऱ्याचं त्यानं कधी काही सांगितलं नाही. मोठा झाल्यावर, कॉलेजातलं वारं लागल्यावर, मीही त्याला ऐकवलं होतं की राजा परका, लढाई परकी, तू कशाला गेलास? तो म्हणाला, राजा मी बघितला न्हाय, माज्या रांगंतली माणसं तेवढी बघितली.

आमच्या घराण्यात मॅट्रिक झालेला मी पहिला. पुण्याला इंटरपर्यंत शिकलो आणि थकलो. सोलापूरच्या एका गिरणीत कारकुनाची जागा मिळत होती, तेव्हा कॉलेज सोडतो असं घरी कळवलं. आठवड्यात मामा पुण्यात हजर. मी त्या वेळी कॉलेजच्या पोरांच्या कवायतीत होतो. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी खाकी घालून मैदानावर चालायचो. मामा कडेला उभा राहून सगळी कवायत बघत होता, काठी मानेमागं आडवी. संपल्यावर म्हणाला, मी महिन्याचा, तुमी तर दोन सांजंचं शिपाई. मग मला झाडाखाली बसवलं. "हे बग, अर्धं सोडू नगंस. अर्ध्या माणसाला दोन्हीकडनं ऐकून घ्यावं लागतंय. लई वंगाळ असतंय ते. तू पुरा हो." एवढंच बोलला आणि रात्रीच्या गाडीनं परत गेला. मी बी.ए. झालो. त्या दिवशी वर्गातला तास पुरा घेतला तोही ह्याचसाठी.

सुट्टी लागताच मी कुर्डुवाडीला गाडी बदलून गावी गेलो. मामी खचलेली नव्हती. मेंढरं दारात असताना खचायला तिला सवड नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारे गृहस्थ चौकशी करत आले. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ, अंगात जुना खाकी कोट. बिरू कुठं आहे, विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, मी शिर्के. घोंगडी टाकली, पाणी दिलं, ते बसून राहिले.

दिवस कलला. माळाच्या टोकाला मामीनं हाक दिली, घशातून खोल, लांबत जाणारी, शेवटाला चढून तुटणारी... हवालदार एकदम उठले. मी काही विचारायच्या आत ते अंगणातून उतरून, पायात काही न घालता, त्या आवाजाच्या रोखानं चालू लागले. बांधापर्यंत गेले आणि थांबले. मी मागोमाग गेलो. मेंढरं आमच्या दोन्ही बाजूंनी त्यांच्या काटेरी कुंपणाच्या वाड्याकडं चालली होती.

तिथंच त्यांनी सांगितलं. बसऱ्याच्या वर कुठंतरी त्यांची तुकडी पाण्याची खेचरं घेऊन निघाली असता धुळीचं वादळ उठलं. हात पुढं केला तर दिसेना. रांग तुटली, शिट्टी वाजवावी तर ती चारी बाजूंनी वाजल्यासारखी वाटायची, आणि एका अंगाला शत्रूच्या बंदुका. माणसं भलत्याच वाटेला लागली होती. तेवढ्यात ही हाक आली. मामा एका जागी पाय रोवून, बंदूक मानेमागं आडवी टाकून उभा होता, आणि तोंडात धूळ जात असताना हाक देत होता. वादळ बसेपर्यंत थांबला नाही. एकेक करून सगळे त्याच्यापाशी पोचले. सर्वांत शेवटी शिर्के.

मी त्यांना सांगितलं की 'महिन्याचा शिपाई' हे मामानं जन्मभर मनात धरलं होतं. ते म्हणाले, "मीबी म्हणायचो, मेंढक्या तर मीच म्हणायचो. त्या दिवसापासनं न्हाई म्हणालो. बिरू म्हणूनच हाक मारायचो. पुरा शिपाई व्हता त्यो, आमच्यापरास पुरा... पर तोंडानं कवा सांगितलं न्हाई. तेच सांगाया आलतो."

मेंढरांमागून मामी आली होती, तिनं हे ऐकलं. म्हणाली, "हवालदार, उशीर केलासा."

मामीनं शेवटचं कोकरू आत ढकललं, वाड्याचं काटेरी झाकण ओढलं. निघताना हवालदार तिला म्हणाले, बाई, ती हाक आणि एकदा द्याल का?

"मेंढरं आत आली," मामी म्हणाली. "आता कुणाला हाक मारू?"

"मला."

मामीनं पदर खोचला, माळाकडं तोंड केलं आणि हाक दिली. वाड्यात बसलेली मेंढरं पुन्हा उठून उभी राहिली.