सुनंदाच्या वहीतला रिकामा रकाना

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वांगी चिरत बसलो होतो. पत्नीचे गुडघे धरल्यापासून भाजी मीच चिरतो. फोनवर सुनंदाचा भाऊ मिलिंद होता, सुप्याच्या एसटीडी बूथवरून बोलत होता. "सर, ताई गेली. काविळीचं निमित्त झालं," एवढंच तो म्हणाला. मागून रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज येत होता. परत येऊन बसलो तर पाण्यात टाकायच्या राहिलेल्या फोडी काळ्या पडल्या होत्या. त्या फोडींकडे बघून मला रडू आलं. का आलं, ते घरात कुणाला सांगता येईना. आज सव्वा महिन्यानं इथं सांगतो आहे.

राहुरीत तेव्हा फळप्रक्रियेची एक लहानशी ट्रस्टची प्रयोगशाळा होती, आता ती नाही. मी तिचा प्रमुख होतो आणि सुनंदा हंगामी संशोधन सहायक. नव्वद सालानंतरची पहिली दोन-तीन वर्षं. मुलाखतीला आली तेव्हा पायात साध्या स्लिपर होत्या आणि पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं होतं, "सर, इथं प्रश्न विचारलेले चालतात ना?" तिची आई सोनाबाई कंबरदुखीवर रात्री मेथी भिजत घालायची. त्या भिजल्या मेथीचा बुळबुळीत गर सुनंदानं प्रयोगाला घेतला. त्यात आवळ्याचा अर्क ठरावीक प्रमाणात मिसळून ठेवला की काही तासांत तो आपला आपण खरवसासारखा धरायचा. ना उकळायचं, ना त्यात काही घट्ट करणारं घालायचं. आतले रेणू एकमेकांचा हात धरतात, असं ती समजावून सांगायची. वांग्याच्या अर्ध्या फोडीला तो गर लावायची, अर्धी तशीच ठेवायची. उघडी बाजू बघता बघता काळी पडे आणि गर लावलेली दुपारपर्यंत पांढरी राही. हवेनं फळ काळं पडतं ते हा गर थोपवतो, हे तिनं रीतसर चाचण्या करून दाखवलं होतं. सीताफळाचा गर टिकवायला याचा उपयोग होईल, असं आम्हां दोघांना वाटत होतं. या मेथीची एक खोड मात्र होती. हलवली, ओतली, की ती पाण्यासारखी सैल व्हायची आणि पुन्हा धरायला तिला रात्र लागायची. म्हणून सुनंदानं तिच्या सगळ्या बाटल्यांवर 'हलवू नये' अशी चिठ्ठी लावली होती. आमचे कारकून तिला चिडवायचे, "काय बाई, आज तुमची मेथी उठली का?" ती शांतपणे म्हणायची, "तुमच्या आधी उठते, भाऊ."

घट्टपणा मोजायला आमच्याकडे मशीन नव्हतं. तिनं एकाच मापाच्या, कॉफीच्या रिकाम्या बाटल्या जमवल्या, त्यांवर रंगानं दोन रेघा मारल्या आणि सायकलच्या बेअरिंगची गोळी वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत किती सेकंदांत उतरते, ते घड्याळ लावून मोजायला लागली. हलवलेल्या बाटलीत गोळी टपकन तळाला जाई, रात्रभर ठेवलेल्यात पाऊण मिनिट घेई. ट्रस्टच्या समितीला सायकलची गोळी पसंत पडली नाही. मशीनचा आकडा आणा, मगच पुढच्या वर्षाची मंजुरी, असं ठरलं. सुनंदाची नोकरी त्या मंजुरीवरच होती. नागापूरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात तसं मशीन होतं आणि तिथले केमिस्ट माझ्या ओळखीचे होते. बाटली घेऊन मी जायचं ठरलं. निघताना ती पिशवी माझ्या हातात देत म्हणाली, "सर, प्रवासानं माणसाचं अंग सैल होतं ना, तसंच आहे हे. तिथं पोचल्यावर रात्रभर निजू द्या. सकाळी मोजा." मी हो म्हटलं. नगरला मेहुण्यांकडे मुक्काम करायचा, असंही ठरलं होतं.

त्याच संध्याकाळी माझ्या थोरलीला पाहायला पाहुणे येणार असल्याचा निरोप मला त्या सकाळी निघता निघता मिळाला आणि मुक्काम न करता दुपारीच परतायचं मी ठरवलं. एसटीत बाटली पायांमध्ये धरून बसलो. रस्ता असा की पिशवीला बसणारा प्रत्येक हादरा मला पोटरीला कळत होता. कारखान्यात पोचलो तेव्हा बारा वाजले होते. केमिस्टनी बाटली उजेडात धरून विचारलं, "साहेब, कधीपासून स्थिर आहे? हलवल्यावर आमचा रंगसुद्धा पातळ पडतो." मी म्हणालो, "कालपासून." त्यांनी तसं लिहिलं, मशीनची दांडी बाटलीत सोडली, आकडा टिपला आणि मी खाली सही केली. गोळीच्या सेकंदांवरून सुनंदानं काढलेल्या घट्टपणाच्या चौथाईसुद्धा तो आकडा नव्हता. दीडच्या गाडीनं मी परत आलो. पाहुण्यांना मुलगी पसंत पडली.

परतल्यावर बाटली प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली होती, रात्रभर ती तिथं न हलता होती. सकाळी सुनंदा यायच्या आधी मी त्यात गोळी सोडली. शेहेचाळीस सेकंद. दुसऱ्यांदा मोजायची माझी छाती झाली नाही.

म्हणजे तीन दिवसांनी समिती बसली तेव्हा मला सगळं माहीत होतं. अध्यक्षांनी दोन्ही आकडे तिच्यापुढे सरकवले आणि विचारलं, "मशीन खोटं बोलतं का, बाई?" दुसरे एक सदस्य खिडकीकडे बघत म्हणाले की यांना सगळंच घाईनं हवं असतं. 'यांना' म्हणजे कुणाला, ते त्या खोलीत सगळ्यांना कळलं. सुनंदाला तर कळलंच. तिनं माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "रात्रभर ठेवलं होतं का, ते सरांना विचारा." मी म्हणालो, "आकडा माझ्यासमोरच घेतलाय." या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. तिनं मान खाली घातली. आकडे फुगवले असा शेरा पडला, मंजुरी गेली आणि त्या महिन्याअखेर तिनं टेबल रिकामं केलं. पुढं सुप्याच्या एका कारखान्यात ती माल तपासायच्या कामाला लागली. दिवाळीला न चुकता माझ्याकडे यायची, थोरलीच्या मुलांना खाऊ आणायची. दर वर्षी आज सांगू म्हणायचो... चहा व्हायचा, मुलांचं कौतुक व्हायचं आणि तिच्या गाडीची वेळ व्हायची.

तिच्या पुण्यानुमोदनाला गेलो. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण दोन शब्द बोलायला उभे राहिले. मिलिंदनं माझं नाव पुकारलं. घरून ठरवून गेलो होतो. उभा राहिलो आणि सुनंदा फार कष्टाळू होती, असं बोलून खाली बसलो. जेवणं झाल्यावर सोनाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या पंचाहत्तरीच्या पुढच्या आहेत. हळूच म्हणाल्या, "सर, एक इचारू? लोकं म्हनायची, पोरीनं आकडे खोटे लिव्हले. तुमी तर हुता तिथं. तिचं ते मेथीचं खरं हुतं का?"

"खरं होतं," मी म्हणालो. "चूक माझी होती. मी बाटली रात्रभर ठेवली नाही आणि ठेवली म्हणून सही केली."

त्यांनी विचारलं, "मंग तवाच का न्हाई बोलला?"

पाहुण्यांचं सांगणार होतो, पण त्या बाईपुढे ते तोंडातून निघेना. त्या आत गेल्या आणि सुनंदाची फुलस्केप वही घेऊन आल्या. "आमाला काय कळतंय यातलं. तुमीच ठेवा," म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

वही महिनाभर उघडली नव्हती. परवा उघडली. बाटलीचा क्रमांक, मिश्रण, किती तास स्थिर, किती सेकंद, शेरा, असे तिचे सुबक रकाने. शेवटची ओळ नागापूरला नेलेल्या बाटलीची आहे. तासांच्या आणि सेकंदांच्या रकान्यात काही नाही. शेऱ्यात तिच्या अक्षरात आहे : 'रात्रभर ठेवायचे. सरांना सांगितले आहे.' ही वही त्या दिवशी समितीसमोर तिच्या मांडीवर होती. मला आठवतं, तिनं ती दोन्ही हातांनी मिटून धरली होती. तिनं ती उघडली असती तर नोकरी माझी गेली असती. तिनं का उघडली नाही, हे मी आता कुणाला विचारू?

समितीतले अध्यक्ष वारले, ट्रस्ट मोडला, तो शेरा खोडायला आता कुणाचं कार्यालय उरलेलं नाही. म्हणून हे इथं लिहितो आहे : सुनंदाचे आकडे खरे होते. काल दुपारी त्या रिकाम्या रकान्यांपैकी एकात मी लिहिलं, 'रात्रभर, परत आणल्यावर', आणि दुसऱ्यात, 'शेहेचाळीस'. खाली सही केली. शाई ओली होती. वही तशीच टेबलावर उघडी ठेवली आणि सकाळपर्यंत तिला हात लावला नाही.